जुनी बॉक्स्टर घेताना साल किती बघावं

वापरलेली स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न सालाचा विचारतो. 'दोन हजार दोनची मिळतेय, थोडे जास्त टाकले तर सहाची मिळतेय, कोणती घेऊ?' अमेरिकेच्या ईशान्य भागात लोकांना गाड्या खरेदीआधी तपासून देणं हे माझं काम. त्यात पोर्शेची बॉक्स्टर, म्हणजे दोन सीटची, कापडी छप्पर मागे दुमडणारी आणि मधोमध इंजिन असलेली गाडी, हा नेहमीचा विषय. 1997 सालच्या मॉडेलची नवी बॉक्स्टर इथे 39,980 डॉलरला मिळायची. आज त्या पिढीची गाडी साध्या नव्या सेडानपेक्षा कमी पैशांत मिळते. मुलं कॉलेजला गेलेल्या, घराचं कर्ज आटोक्यात आलेल्या न्यू जर्सीतल्या मराठी गृहस्थालाही ती खुणावते, यात नवल नाही. बाजारात गाड्यांचे भाव सालावर ठरतात, म्हणून खरेदीदारही सालावर विचार करतो. माझं म्हणणं असं की भाव सालागणिक हळूहळू उतरत जातात, पण गाडीची बनावट तशी बदलत नाही. ती वर्षानुवर्षं तशीच राहते आणि मग एखाद्या वर्षी एकदम बदलते. हे बदल कुठे झाले ते ज्याला माहीत आहे त्याला उरलेल्या सालांमधल्या फरकासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

मॉडेलचं साल म्हणजे नेमकं काय, इथून सुरुवात करावी लागते. ते गाडी बनल्याचं साल नव्हे. कारखान्यात साधारण उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जे उत्पादन सुरू होतं ते पुढच्या सालात धरलं जातं. पहिली बॉक्स्टर 1996 च्या शरद ऋतूत विक्रीला आली ती 1997 चं मॉडेल म्हणून. चासी नंबरातलं दहावं अक्षर हे साल सांगतं: 1997 साठी व्ही, 2000 साठी वाय, त्यानंतर 1 पासून 9 पर्यंत आकडे आणि 2010 पासून पुन्हा ए. अकरावं अक्षर कारखाना सांगतं. एस असेल तर श्टुटगार्ट, यू असेल तर फिनलंडमधलं उसिकाउपुन्की. तिथला वाल्मेटचा कारखाना अनेक वर्षं या गाड्या जोडून देत असे. जर्मनीत जुळलेली गाडी अस्सल आणि फिनलंडची दुय्यम, असा एक समज शौकिनांत आहे. तपासणीत मला त्याला कधी आधार सापडला नाही, आणि त्यासाठी जास्त पैसे मागणाऱ्याला देऊही नयेत. चालकाच्या दाराच्या चौकटीवर मात्र एक स्टिकर असतो, ज्यावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तो महिना सालापेक्षा जास्त उपयोगाचा. का, ते पुढे येईल.

आता बदल कुठे झाले ते बघू. 1997 ते 1999 या गाड्यांत अडीच लिटरचं इंजिन आणि 201 अश्वशक्ती. 2000 मध्ये साधी गाडी 2.7 लिटरची झाली आणि सोबत 3.2 लिटर, 250 अश्वशक्तीची 'एस' आली. 2003 मध्ये शक्ती जराशी वाढली, मागची प्लास्टिकची खिडकी जाऊन काचेची आली, आणि इतकी वर्षं नसलेला ग्लोव्ह बॉक्सही आला. 2005 मध्ये दुसरी पिढी, जिला जाणकार कारखान्यातल्या क्रमांकाने 987 म्हणतात (पहिली 986). 2007 मध्ये एसचं इंजिन 3.4 लिटरचं झालं. 2009 मध्ये बाहेरून फारसं न कळणारा पण सगळ्यांत मोठा बदल झाला, इंजिनच मुळापासून नवं आलं. 2013 च्या मॉडेलपासून तिसरी पिढी. 2017 पासून साध्या गाडीत आणि एसमध्ये सहाऐवजी चार सिलिंडर आणि टर्बो. ती चांगली गाडी आहे, पण तिचा आवाज ऐकून अनेक जुने चाहते परत फिरले. हे सगळे बदल सारख्या तोलाचे नाहीत. दहा-वीस अश्वशक्तीचा फरक न्यू जर्सी टर्नपाइकवर कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन बदलांवर मात्र पैसे वाचतात किंवा बुडतात. एक इंजिनाच्या पोटातला, दुसरा छपराचा.

इंजिनाचा मुद्दा सविस्तर सांगायला हवा, कारण अर्धवट माहितीने सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. 2008 पर्यंतच्या बॉक्स्टरच्या इंजिनात क्रँकशाफ्टखाली एक मधला शाफ्ट असतो. त्यावरून साखळ्या कॅमशाफ्ट फिरवतात. या शाफ्टचं फ्लायव्हीलकडचं टोक एका सीलबंद बॉल बेअरिंगवर टेकलेलं असतं. काळ गेला की सील कडक होतं, आतलं ग्रीस इंजिन ऑइलने धुऊन जातं, पण पुरेसं ताजं ऑइल आत खेळत नाही, आणि गोळ्या झिजू लागतात. बेअरिंग सुटलं की साखळ्यांचं टायमिंग बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे याला 'आयएमएस' म्हणतात. हे तीन अक्षरी भूत इतकं पसरलं आहे की जुनी पोर्शे म्हटलं की मोटारीतलं काही न कळणारा माणूसही ते उच्चारतो. पण बेअरिंग एकच नव्हतं. सुरुवातीच्या इंजिनांत गोळ्यांच्या दोन रांगांचं बेअरिंग होतं, आणि ते बऱ्यापैकी टिकलं. 2000-01 च्या सुमारास त्याजागी एका रांगेचं, कमी ताकदीचं बेअरिंग आलं. तेच बदनाम झालं. 2005-06 पासून पुन्हा एकाच रांगेचं, पण आकाराने मोठं बेअरिंग आलं आणि तक्रारी खूपच कमी झाल्या. 2009 च्या नव्या इंजिनात मधला शाफ्टच नाही, त्यामुळे ते बेअरिंगही नाही.

या प्रकरणी अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि 2013 मध्ये तडजोड झाली. ती तडजोड ज्या गाड्यांना लागू होती त्यांची व्याख्या वाचण्यासारखी आहे: 4 मे 2001 ते 21 फेब्रुवारी 2005 या काळात बनलेल्या बॉक्स्टर आणि पोर्शेच्याच 911. म्हणजे दावा निकाली काढणाऱ्यांनीसुद्धा सीमा मॉडेलच्या सालावर न ओढता तारखांवर ओढली, आणि त्या तारखा दोन्ही टोकांना मॉडेलच्या सालाच्या मधोमध पडतात. 2001 ची एक गाडी या कक्षेत, दुसरी बाहेर. 2005 चंही तसंच. दाराच्या चौकटीवरचा महिना बघा म्हणतो तो यासाठी. तरीही तेवढ्याने भागत नाही. 2000 आणि 2001 च्या गाड्यांत दोन्ही प्रकारची बेअरिंगं निघतात, आणि नक्की कोणतं आहे हे गिअरबॉक्स उतरवून बघितल्याशिवाय कळत नाही. 2005 मध्येही तीच गत. तिथे मधल्या नटाचा आकार बघतात, 13 मिलिमीटरचा असेल तर जुनं, 22 चा असेल तर मोठं. शिवाय ज्या गाड्यांचं इंजिन वॉरंटीत बदललं गेलं त्यांच्या इंजिन नंबरात एटी ही अक्षरं असतात. अशा 1999 च्या गाडीत कित्येक वर्षं नंतरचं इंजिन असू शकतं. गाडीचं साल जुनं, दुखणं नव्याचं.

यातून एक विचित्र गोष्ट निघते, आणि भावाच्या तक्त्यात ती कुठेच दिसत नाही. एका रांगेचं बदनाम बेअरिंग इंजिन न उघडता, केवळ गिअरबॉक्स उतरवून बदलता येतं. त्यासाठी सुधारित बेअरिंगं बाजारात आहेत. 2005-06 पासूनचं मोठं बेअरिंग त्याच्या जागेतून बाहेर काढता येत नाही. ते बदलायचं तर इंजिनाचे दोन भाग वेगळे करावे लागतात. म्हणजे 2002 च्या गाडीत धोका जास्त पण इलाज हाताशी, आणि 2007 च्या गाडीत धोका कमी पण इलाज जवळपास इंजिनाच्या किमतीचा. या दोघींपैकी 'नवी ती सुरक्षित' असं डोळे मिटून म्हणता येत नाही. बेअरिंग बदलल्याची पावती असलेली 2002 ची गाडी मी त्याच अवस्थेतल्या पावतीविना 2007 च्या गाडीइतकीच विश्वासाची मानतो, आणि ती स्वस्त मिळते. 2007-08 च्या एसवर तर आणखी एक प्रश्न असतो. त्या 3.4 लिटरच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचं प्रमाण लहान 2.7 पेक्षा जास्त आहे, आणि थंड प्रदेशातल्या गाड्यांत ते अधिक दिसतं. थंड इंजिन सुरू केल्यावर टकटक, ऑइल खाणं, धुराड्यात काजळी या त्याच्या खुणा. कॅमेरा आत घालून भिंती बघितल्याशिवाय त्या सालांची एस घेऊ नये, मग विकणारा कितीही सज्जन असो.

यावर सरळ आक्षेप असा येतो: इतकी कटकट कशाला, 2009 ची किंवा त्यानंतरची घ्यावी आणि मोकळं व्हावं. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला मी हेच सांगतो. 2009 पासून जुन्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकच्या जागी दोन क्लचचा, सात गिअरचा पीडीके आला, तोही फार चांगला आहे. पण हा सल्ला सगळ्यांना देण्यात दोन अडचणी आहेत. 2009 ते 2012 च्या गाड्या कमी आल्या, कारण तो मंदीचा काळ होता; आणि त्यांचं महत्त्व आता विकणाऱ्यांनाही ठाऊक झालेलं आहे, त्यामुळे त्यांचा भाव त्या बदलाची पूर्ण किंमत वसूल करतो. दुसरी अडचण हिशेबाची आहे. जुन्या गाडीतला धोका किती मोठा यापेक्षा तो घालवायला किती लागतं हा प्रश्न महत्त्वाचा. मॅन्युअल गाडीचा क्लच कधी ना कधी बदलावा लागतोच. त्यासाठी गिअरबॉक्स उतरतो, आणि उतरलेला असतानाच मागचं क्रँक सील आणि हे बेअरिंग बदललं तर मजुरी जवळजवळ तेवढीच लागते. म्हणून कागदांत मी सर्वांत आधी क्लचची पावती शोधतो. कुठल्या गॅरेजमध्ये, किती मैलांवर, आणि त्याच पावतीवर बेअरिंगचा उल्लेख आहे का. टिपट्रॉनिक म्हणजे ऑटोमॅटिक गाड्यांत क्लचचं निमित्तच येत नाही, त्यामुळे त्यांचा गिअरबॉक्स वीस वर्षांत एकदाही उतरलेला नसतो आणि बेअरिंग कारखान्यातलंच असतं. एकाच सालाच्या, एकाच रंगाच्या, सारख्या मैलांच्या दोन गाड्यांत हा फरक हजारो डॉलरचा पडतो. जाहिरातीत मात्र दोघींचा भाव सारखा लागलेला असतो.

छपराचं गणित वेगळं, आणि सोपं. कापड मैलांवर जीर्ण होत नाही, उन्हावर होतं. 2002 पर्यंतच्या गाड्यांना मागे मऊ प्लास्टिकची खिडकी होती. ती पिवळी पडते, थंडीत कडक होते आणि तशीच दुमडली तर तडकते. म्हणून जुने मालक छप्पर अर्ध्यावर थांबवून, खाली उतरून, हाताने खिडकीची घडी बसवतात आणि मग पुढे बटण दाबतात. मोटार चालू असताना बारा सेकंदांत होणारं काम त्यामुळे दोन मिनिटांचं होतं. 2003 ची काच या सगळ्यातून सोडवते. पण इथेही आक्षेप घेता येतो, आणि तो योग्य आहे: बाजारात काचेच्या खिडकीचं नवं छप्पर जुन्या गाडीला बसवून मिळतं, मग 2003 चं कौतुक कशाला? ज्या गाडीला ते बसवून झालं आहे तिच्याबाबतीत खरंच काही कौतुक नाही, ती 2003 च्याच तोलाची. ज्या गाडीला बसवायचं आहे तिच्या भावातून तेवढा खर्च आधी वजा करावा. खिडकीपेक्षाही ज्या गोष्टीकडे लोक बघत नाहीत ती म्हणजे छपराच्या घडीखालची पाणी जाण्याची भोकं. ती पानांनी तुंबली की पाणी आत उतरतं आणि डाव्या सीटखालच्या अलार्मच्या कंट्रोल युनिटमध्ये शिरतं. मग चावी फिरवूनही गाडी ओळख दाखवत नाही. सीटखालचा गालिचा दाबून हाताला ओल लागते का, एवढं बघायला ना लिफ्ट लागते ना कॉम्प्युटर.

मैलांबद्दल बोलायला हवं, कारण सालाच्या खालोखाल लोक त्यालाच भाळतात. पंचवीस वर्षांत पंचवीस हजार मैल, गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, असं वाचलं की हात सैल होतो. पण वर वर्णन केलेलं बेअरिंग, सगळी रबरी सीलं, कूलंटची प्लास्टिकची टाकी, टायर, यातलं काहीही उभं राहून तरुण राहत नाही. उलट कमी चाललेल्या गाडीचं ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नसतं, कारण मैल भरलेले नसतात. नियमित चालवलेल्या आणि दर वर्षी ऑइल बदललेल्या गाडीचं बेअरिंग बसून राहिलेल्या गाडीपेक्षा चांगलं निघतं, असं या इंजिनांवर काम करणारे मेकॅनिक सांगतात, आणि बेअरिंगच्या बनावटीकडे पाहिलं तर ते पटतं. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2409 असेल तर तो टायर 2009 च्या चोविसाव्या आठवड्यातला. रबरावर खाचा कितीही शिल्लक असोत, तो काढायचाच. मैलांचा आकडा खरा आहे का हे तपासायलाही एक साधन आहे. 2000 नंतरच्या गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटर एकूण चाललेले तास नोंदवतो. साठ हजार मैल आणि दोन हजार तास, म्हणजे सरासरी ताशी तीस मैल, ठीक. साठ हजार मैल आणि पाच हजार तास असं दिसलं तर ती गाडी जन्मभर ट्रॅफिकमध्ये अडकलेली होती किंवा मीटर मागे फिरवला आहे, आणि पहिली शक्यता स्पोर्ट्स कारच्या बाबतीत विरळाच. 2009 च्या आधीच्या गाड्यांत हाच कॉम्प्युटर इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं तेही दोन गटांत सांगतो. पहिल्या गटातली नोंद म्हणजे कुणी जोरात चालवून मर्यादा गाठली एवढंच. दुसऱ्या गटातली नोंद म्हणजे वेगात असताना चुकून खालचा गिअर पडला. तिथे व्हॉल्व्हना मार बसलेला असू शकतो.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. पावत्या, कॉम्प्युटर, छप्पर यांवरच गाडी ठरत असेल तर साल बघायचंच कशाला? बघायचं, पण वेगळ्या कामासाठी. जमीन घेणारा सातबारा मागतो तेव्हा वरच्या क्षेत्रफळाइतकेच खालचे फेरफार वाचतो, आणि कोणत्या काळात त्या गावात कसले फेरफार झाले हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच नेमकी कोणती नोंद नाही हे कळतं. गाडीचं साल तेवढं सांगतं: या गाडीच्या कागदांत कोणती नोंद असायला हवी होती. 2003 च्या गाडीत बेअरिंगची नोंद नसणं बोलकं आहे, 2010 च्या गाडीत ती नसणं साहजिक आहे. 2012 च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने आमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी चढवलं. त्या सुमारास इथे नोंद असलेल्या आणि त्यानंतर अचानक दुसऱ्या राज्यात मालकी बदललेल्या गाडीचे कागद मी दुसऱ्यांदा वाचतो. विमा कंपनीने निकालात काढलेली गाडी एखाद्या राज्यात स्वच्छ कागद मिळवून परत बाजारात येते, हे इथे नवीन नाही. मालकी हक्कांच्या राष्ट्रीय नोंदीत थोडे डॉलर भरून ते बघता येतं. जास्त पैसे देऊन विशेष आवृत्ती घेणाऱ्यांना मी सालाचाच हिशेब दाखवतो. 2004 मध्ये पोर्शेच्याच जुन्या 550 स्पायडरच्या पन्नाशीनिमित्त 1,953 नंबर घातलेल्या चंदेरी बॉक्स्टर एस काढल्या. संग्रह करणाऱ्याने जरूर घ्यावी. चालवणाऱ्याला कळलेलं बरं की तिच्या इंजिनात तेच एका रांगेचं बेअरिंग आहे.

एक प्रश्न मराठी मंडळींकडून हमखास येतो, तो म्हणजे इथे स्वस्तात घेऊन पुढे पुण्याला पाठवता येईल का. नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगची हवी आणि बनून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. अमेरिकेतली गाडी पहिल्याच अटीवर बाद होते. म्हणून इथली जुनी बॉक्स्टर इथेच चालवायच्या तयारीने घ्यावी, आणि इथल्या रस्त्यावर हिवाळ्यात टाकलेल्या मिठाने खालचे बोल्ट किती खाल्लेत तेही बघून घ्यावं. पुढच्या बंपरच्या आत, रेडिएटरपुढे साचलेल्या पानांचा चिखल मिठाच्या जोडीने एसीचा कंडेन्सर कुजवतो, हा बारका पण हमखास खर्च आहे.

कोणती घेऊ म्हणून विचाराल तर माझं उत्तर असं. पैसे असतील तर 2009 ते 2012 मधली, आणि तिथे एसच्या मागे न लागता 2.9 लिटरची साधी गाडी घेतली तरी चालेल. पैसे मोजके असतील तर 2003 किंवा 2004 ची मॅन्युअल, क्लच आणि बेअरिंग एकाच पावतीवर बदललेली. ती पावती नसेल तर तेवढ्या कामाचे पैसे भावातून कमी करून घ्या आणि गाडी घरी नेण्याआधी ते काम करून घ्या, नंतर करू म्हणू नका. 2005 ची घेताना नटाचा आकार कळल्याशिवाय भाव ठरवू नका. 2007-08 ची एस कॅमेऱ्याच्या तपासणीनंतरच. या गाडीचं इंजिन छपराच्या घडीखाली झाकलेलं असतं, ते उघडून बघायला बोनेट नाही. म्हणून तपासणी लिफ्टवर, खालून, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी ऑइल ओघळलंय का हे बघूनच करावी लागते, आणि ऑइल फिल्टरच्या घड्या उलगडून त्यात धातूची चमक आहे का तेही बघावं लागतं. गाडी लिफ्टवर घ्यायला किंवा फिल्टर काढायला विकणारा नाही म्हणाला, तर साल कोणतंही असो, ती घेऊ नका.